पदाबाहेरचं बोलणं

देजप्पा शेट्टींच्या तोंडाला लागू नये, असं मुडबिद्रीपासून कारकळपर्यंत सगळे म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला, कल्याणीला, त्याचं हसू यायचं. तोंड! घरी हा माणूस दिवसाला वीस शब्द बोलला तर गंगेत घोडं न्हायलं. "गंजी वाढ." "लोणचं कुठाय?" "पाठ दुखतेय का तुझी?" एवढंच. पण ते वीस शब्द तुळूत असायचे, हळू आवाजात, तिच्याकडे न बघता. त्यातले निम्मे तिच्या पाठीबद्दल असायचे, कारण दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची पाठ संध्याकाळपर्यंत लाकूड होते.

गावाचे देजप्पण्णा वेगळे. देवळाच्या मंडपात ताळमद्दळे, म्हणजे बसल्या जागी रंगणारं यक्षगान, बसलं की रंग नाही, मुकुट नाही, पांढरं धोतर आणि खांद्यावर शेला. भागवत पद गाणार, आणि ज्याच्या वाट्याला जे सोंग आलं असेल त्याने त्या पदाचा अर्थ बोलायचा. समोरचा उलटा प्रश्न टाकणार, याने तो परतवायचा, सगळं ऐन वेळी, सगळं भारदस्त कन्नडात. देजप्पण्णा किल्लेदार झाले की लोक जेवणं टाकून यायचे. शत्रूचा दूत येतो, गड सोडून चल म्हणतो, आणि किल्लेदार त्याला अर्धा तास असा सोलून काढतो की दूत होणाऱ्याला घाम फुटावा. बायकांच्या बाजूला बसून कल्याणीने ते तीस वर्षं ऐकलं होतं. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण दूताची वाक्यंसुद्धा तिला पाठ होती.

श्रावणात एका दुपारी भाताची गंजी पिताना त्यांचा उजवा हात ताटलीतच गळून पडला. तोंड वाकडं झालं. मंगळूरच्या इस्पितळात अठरा दिवस काढले. पहिले आठ दिवस घशातून नुसता घुरघुर आवाज. नवव्या दिवशी कल्याणी कपाळ पुसत होती, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि खणखणीत कन्नडात म्हणाले, "हे दूता! तुझ्या स्वामीस जाऊन कथन कर!"

नर्सच्या हातातली वाटी पडली. कल्याणीला वाटलं, संपलं, डोकंच फिरलं.

डोकं फिरलं नव्हतं. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, समजुतीने बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला जिथे शब्द जुळतात तिथलं रक्त काही वेळ बंद पडलं. मनातलं वाक्य बांधून जिभेवर आणायची वाट मोडली. जे हजारदा घोटून झालंय, सुराबरोबर बसलंय, ते दुसऱ्या वाटेने येतं. ते बोलणं म्हणजे विचार करून बोलणं नव्हे.

"पण बाई, तुळू?" कल्याणी म्हणाली. "जन्मल्यापासूनची भाषा ती. ती गेली आणि देवळातली राहिली, हे कसं हो?"

"कधी कधी असं होतं अम्मा. का होतं, ते आम्हालाही नीट उमगलेलं नाही. आलीच तर हळूहळू येईल. आणि ते मान हलवतात ना, त्यावर फार विसंबू नका. हो आणि नाही यांची गल्लत होतेय त्यांची."

गावाला एवढं कुठे कळणार! गावाचं एकच माप, अर्थ आला की माणूस बरा. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी सुब्राय भागवत भेटायला आले. जुना जोडीदार, रडवेले झाले होते. काही सुचेना म्हणून मांडीवर ताल धरून किल्लेदाराचं पद गुणगुणले. तो काय, देजप्पण्णांनी पाठ ताठ केली आणि धबधबा सुरू. "या गडाचा एकेक पाषाण माझ्या पित्याच्या अस्थींनी सांधलेला आहे..." सलग, कुठे अडखळणं नाही. सुब्राय भागवत ओक्साबोक्शी रडले. "बरे झाले! आमचा देजप्पा बरा झाला!"

मग रोज दुपारी कोणी ना कोणी येऊ लागलं. ओसरीवर चटया पडायच्या. कोणी पद गायचं, आणि किल्लेदार बोलायचा. बाया विड्यांची सुपं घेऊनच यायच्या. कल्याणी चहा करायची. खोटं कशाला बोला, तिलाही बरं वाटायचं. तेवढा वेळ नवरा उभा असल्यासारखा वाटायचा. लोक उठून गेले की त्यांची मान खाली जायची, आणि तिने विचारलेल्या साध्या गोष्टीला उत्तर म्हणून "हे... हे..." एवढंच यायचं. पाणी हवं की चादर, ते तिने हातांच्या खुणांवरून ओळखायचं. एकदा तिने चिडून म्हटलं, "गावाला अर्धा तास देता, मला एक शब्द नाही?" ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर तिने कधी असं म्हटलं नाही. पण रात्रंदिवस तिच्या मनात एकच होतं. गावाचा होता तो राहिला, माझा होता तो गेला.

सुग्गीचं, म्हणजे भाताचं दुसरं, पीक निघालं तसा मुलगा आला. योगीश. तेराव्या वर्षी मामाबरोबर ठाण्याला गेलेला, तिथे कपबश्या विसळून वर आलेला, आता स्वतःचं हॉटेल. बोलताना मध्येच मराठी घुसायची.

"अम्मा, बास झालं आता. चला दोघं. चौथ्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, खालीच दवाखाना. बोलणं शिकवणारे लोक आहेत तिकडे. इथे तुझं वय काय, तू एकटी किती उचलणार त्यांना?"

कल्याणीला ठाण्याचं नाव नको असायचं. आपली विहीर, आपली माडाची झाडं, घर राखणाऱ्या दैवाचा दिवा, विडीच्या घोळक्यातल्या बाया, हे सगळं सोडून दोन खोल्यांत खिडकीशी बसायचं? पण "मला यायचं नाही" असं मुलाच्या तोंडावर म्हणायला तिची जीभ रेटेना. म्हणाली, "मला काय विचारतोस? त्यांचं घर आहे. त्यांना विचार."

योगीश बापाच्या पुढ्यात बसला. "पप्पा, ठाण्याला येणार ना?"

देजप्पण्णांनी मान हलवली. हो.

"बघ! झालं की!"

"थांब," कल्याणी म्हणाली. "अहो, तुम्ही म्हैस आहात का?"

देजप्पण्णांनी मान हलवली. हो.

योगीश हसला आणि मग त्याने कपाळाला हात लावला. "मग कसं कळणार ग अम्मा, त्यांना काय हवंय ते?"

"भागवतांना बोलावते. पदाबरोबर त्यांचं तोंड उघडतं. मी समोर बसून विचारते."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर नाही. पण हो म्हणाले तर मी एक अक्षर बोलणार नाही."

सुब्राय भागवत टाळ घेऊन आले. कोणतं पद, ते ऐकल्यावर त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"कल्याणीअक्का, दूताचा प्रसंग? अहो, त्यात किल्लेदार गड सोडत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल."

"तुमचं शेंबडं पोर सांगेल. माझा पोर तेराव्या वर्षापासून ठाण्यात आहे."

भागवतांच्या ध्यानात आलं. "म्हणजे तुम्हाला उत्तर ठाऊकच आहे."

"तुम्ही गाता की दुसरं कोणी बघू?"

म्हाताऱ्याने मान हलवली आणि ओसरीवर जाऊन बसला. ताळमद्दळ्याचा कायदा त्यालाही ठाऊक, तिलाही. बोलणाऱ्याने हवे तेवढे फाटे फोडावेत, समोरच्याला चारी मुंड्या चीत करावं, पण पदात जे ठरलंय ते मोडायचं नाही. पदाबाहेर जायचं नाही. देजप्पण्णांनी स्वतः एका उमेदवार पोराला याच चुकीसाठी भर मंडपातून उठवलं होतं. "पदाबाहेर बोलायचं तर बाजारात जाऊन बोल," असं म्हणाले होते. त्यामुळे कल्याणीला खात्री होती. हा माणूस सगळं विसरेल, हे विसरणार नाही.

तिने त्या दिवशी बाकीच्यांना येऊ दिलं नाही. ओसरीवर चौघंच. भागवतांनी सूर लावला. पद झालं. कल्याणी नवऱ्यासमोर मांडी घालून बसली, पदर खोचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मंडपातलं कन्नड तिच्या तोंडून बाहेर पडलं. "हे किल्लेदारा! गड आता राहण्याजोगा उरला नाही. तुझा पुत्र दाराशी रथ घेऊन उभा आहे. गड सोडून येतोस की नाही, ते सांग."

पुत्र काही त्या प्रसंगात नव्हता. तेवढा तिने घातला, नाहीतर विचारलं काय राहिलं असतं? योगीश उंबऱ्यावर नखं खात बसला होता.

देजप्पण्णांची पाठ ताठ झाली. "या गडाचा एकेक पाषाण..."

कल्याणीने श्वास सोडला.

"एकेक पाषाण..." ते थांबले. भागवतांनी टाळावर हलकेच ठोका देऊन ओळ पुन्हा धरली. देजप्पण्णांनी डावा हात वर केला. गाणं थांबलं. त्यांचं तोंड हललं, मिटलं, पुन्हा हललं. कपाळावरची शीर उठून दिसायला लागली. कल्याणीला वाटलं, दुसरा झटका येतोय, आणि ती उठायला गेली.

"दूता," ते म्हणाले. कन्नडच, पण मंडपातलं नव्हे. एकेक शब्द विहिरीतून पोहरा ओढावा तसा. "रोज... माणसं येतात. बोल म्हणतात." त्यांनी पुन्हा जोर लावला. "माझं... नाही ते. मला... लाज वाटते." मग त्यांनी हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. "मला ने."

भागवतांनी टाळ जमिनीवर ठेवले आणि मान खाली घातली.

सात महिन्यांतलं पहिलं वाक्य. त्यांचं स्वतःचं. कल्याणीला आनंद झाला की शरम वाटली, ते तिलाही सांगता आलं नसतं. रोजच्या त्या चटया तिने अंथरल्या होत्या. चहा तिने केला होता. माणूस आतल्या आत मरत होता आणि आपण लोकांना साखर हवी का विचारत होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

योगीश पुढे सरकला. काकुळतीला आला होता. "काय म्हणाले अम्मा? समजलं मला, पण... हे पदातलंच तर नाही ना? पाठ असलेलं?"

भागवत वर बघेनात. हो, पदातलंच, असं म्हणायला तिला किती लागलं असतं? एक मान हलवायची. म्हातारा शब्द काढणार नव्हता, हे तिला त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. मागे माडाच्या झावळ्या वाजत होत्या, विहिरीवर कोणाचीतरी घागर आपटत होती, आणि नवऱ्याने मनगट सोडलं नव्हतं.

"नाही रे," कल्याणी म्हणाली. "पदात किल्लेदार नाहीच म्हणतो. म्हणून तर मी हे पद गायला लावलं."

योगीशला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो आईच्या शेजारी येऊन टेकला.

"हे तुझ्या बापाचं आहे," ती म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं, नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मुलाला विचारलं, "तिकडे चौथ्या मजल्यावर पाणी किती वाजता येतं?"