खांबाला टांगलेलं गाठोडं

कडूबाचं अर्धं आयुष्य देवगाव रंगारीच्या माळावर मेंढरांमागं गेलं. दोन हजार बाराच्या दुष्काळात मेंढरं विकली अन् तो औरंगाबादच्या एका बसस्टँडवर पहारेकरी झाला. शहर असं वाढत होतं, की स्टँडवर मुंगी शिरायला जागा नसायची. जगात कुठं रेल्वे उडाली, कुठं हॉटेलात गोळ्या चालल्या, की इथं बेवारस बॉम्ब हुडकायचा सराव व्हायचा. पहिल्याच सरावात या बहाद्दरानं बेवारस पिशवी ‘कुणाची हाय वो?’ म्हणत उचलली. फौजदार म्हणाले, मेलास, अन् चाळीस जणांना घेऊन मेलास. सगळे हसले. कडूबाला मात्र ते लई लागलं.

मार्चातली दुपार. फलाटाच्या खांबाला, डोक्याहून उंच, घोंगडीचं गाठोडं लटकत होतं. जवळ कुणी नाही. आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका शहरात बेवारस डबा फुटून माणसं मेली होती.

कडूबानं बघताक्षणी ओळखलं, हे देवाचं गाठोडं. धनगर देवाचे टाक, चांदीच्या पत्र्यावरच्या मूर्ती, घोंगडीत बांधतात, भुईला टेकवत नाहीत, जातील तिथं उंच टांगतात. त्याची आई असंच करायची. पण घोंगडी काय, कुणालाही मिळते! त्यानं शिट्टी फुंकली, फलाट रिकामा केला, वर कळवलं. आपण काय ओळखलं, ते मात्र गिळलं.

बॉम्बशोधक पथकाचं कुत्रं आलं. हुंगलं अन् नुसतं शिंकत सुटलं. कुणाला काही उमजेना. पथकाच्या साहेबांनी विचारलं, कुणाचं आहे, कुणाला ठाऊक? कडूबा गर्दी मागं सारत राहिला. आपल्या शब्दावर कुणी हात घातला अन् फुटलं तर? अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

पथकानं ते लांबून फोडलं. आवाज बेताचाच झाला. पण वर उडाला तो भंडारा, देवाची हळद, अख्ख्या फलाटावर पिवळीजर्द.

स्टँडचा नळ कोरडा, म्हणून गाठोडं खांबाला टांगून बाहेर टँकरच्या रांगेत तासभर उभी राहिलेली साळूबाई तशीच धावत आली. म्हातारी भुईवर बसून चांदीचे वाकडे टाक वेचू लागली. ‘थांब माय, मी बी येचतो,’ म्हणत कडूबाही बसला. त्याच्या बोलीवरून तिला तो आपल्यातला कळला.

“लेकरा, तुला वळखू आलं नव्हतं व्हय?”

साहेब त्याची पाठ थोपटत होते, तुझं नाव वर पाठवतो म्हणत होते. नाही म्हणणं सोपं होतं.

“आलं व्हतं, माय,” कडूबा म्हणाला.

म्हातारीनं त्याच्या हातातला टाक काढून घेतला. बाकीचे तिनं एकटीनं वेचले.