स्टाफनं बसू नये

उमरग्याच्या कापडदुकानात मी कामाला लागलो तेव्हा मला काय म्हणायचं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. थोरले शेठ गिऱ्हाइकाला सांगायचे, आमच्या माणसाला विचारा. मी त्यांचा माणूस होतो. रागावले की गडी म्हणायचे, फारच रागावले की आईबापाचा उद्धार करायचे, आणि दुपारी डबा उघडला की लोणचं पुढं सरकवायचे. फार थोर माणूस होते असं काही नाही. पगारवाढीचं नाव काढलं की त्यांना ऐकूच येत नसे. पण दुकानात पांढऱ्या चादरीची गादी होती आणि तिच्यावर शेठ, गिऱ्हाईक, आम्ही, सगळेच बसायचो. साडी दाखवायची म्हणजे मांडी घालायची आणि समोर घडी उलगडायची.

मग धाकटे शेठ पुण्याहून शिकून आले. गादी गेली, काचेचे काउंटर आले, दुकानाचं शोरूम झालं आणि आम्ही स्टाफ झालो.

हा शब्द आमच्या भागाला नवा नव्हता. एसटीत एखाद्यानं ऐटीत ‘स्टाफ’ म्हटलं की कंडक्टर तिकीट न मागता पुढच्या सीटकडं वळतो. दवाखान्यात पेशंटचे नातेवाईक नर्सबाईंना ‘ओ स्टाफ’ म्हणून हाक मारतात, तीही जरा भीत भीत. लोहारा तालुक्याच्या कचेरीत आज स्टाफ नाही असं सांगितलं की आलेला माणूस निमूट जीपनं गावी परत जातो. तिथं त्या शब्दाला वजन आहे. आमच्या वाट्याला त्याचा चोथा आला. स्टाफचा चहा म्हणजे त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा उकळलेला. स्टाफचा संडास म्हणजे कडी नसलेला. स्टाफला सवलत म्हणजे जो माल कुणीच घेत नाही तो आम्ही घ्यायचा. आणि सगळ्यात मोठा नियम असा की स्टाफनं बसू नये. विकणारा बसलेला दिसला की दुकान आळशी वाटतं, असं धाकट्या शेठना सोलापूरच्या कुठल्याशा हॉटेलातल्या शिबिरात कळलं होतं. असल्या शिबिरांना ते वर्षातून एकदोनदा जायचे आणि तिथला एसी खाऊन येताना आमच्यासाठी नवा शब्द आणायचे. स्टाफ जुना झाला म्हणून आम्ही टीम झालो. टीमही जुनी झाली तेव्हा एका सकाळी त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून सांगितलं की इथून पुढं आपण फॅमिली. मला त्या माणसाची शिसारी येते ती तेव्हापासून.

आमच्यात सगळ्यात जुने चाचा. गादीच्या काळापासून रेशमी साड्या तेच दाखवायचे. बसवकल्याणकडच्या बायका दारातूनच कानडीत चाचांना विचारायच्या आणि चाचा तिकडूनच कानडीत उत्तर द्यायचे. उभं राहून राहून त्यांच्या पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. घोट्यापाशी जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरांनी सांगितलं, असंच उभं राहिलात तर पाय जाईल, अधूनमधून बसा. चाचांनी धाकट्या शेठकडं एक स्टूल मागितलं. काउंटरच्या आत ठेवतो, गिऱ्हाइकाला दिसणार नाही, हेही त्यांनी आपण होऊन सांगितलं.

शेठनी सगळं गोड चेहऱ्यानं ऐकून घेतलं. “चाचा, तुम्ही तर आपल्या फॅमिलीतले,” ते म्हणाले. “पण तुम्हाला दिलं की सगळी टीम मागणार.”

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसायची परवानगी मागावी लागते असं घर मी अजून पाहिलेलं नाही. पण शेठना त्यात काही वावगं वाटलं नाही. चाचांनी मान हलवली आणि जाऊन पुन्हा काउंटरला उभे राहिले. त्यांचं घर त्यांच्या पगारावर चालायचं. जखमेवर ते मलमपट्टी करायचे आणि वरून जाड मोजा घालायचे.

शोरूमचा वाढदिवस आला. आम्हाला ‘आपला परिवार’ असं छापलेले लाल टीशर्ट मिळाले आणि फोटोवाला बोलावला गेला. पुढं शेठ मंडळींना खुर्च्या, मागं आम्ही उभे. फोटोवाल्याला दुकानातलं काय माहीत? तो म्हणाला, त्या पांढऱ्या दाढीवाल्या काकांना पुढं बसवा, फोटो भरल्यासारखा दिसेल. शेठना ते फारच आवडलं. त्यांनी स्वतः खुर्ची ओढली आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. पुष्कळ फोटो निघाले. शेठनी प्रत्येकात बत्तीशी दाखवली.

फोटो संपतात तोवर लग्नाच्या बस्त्याला आलेली मंडळी दारात उभी. खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. शेठ म्हणाले, चला चाचा, काउंटरला. चाचा उठले नाहीत. मोजा घोट्याशी ओला झाला होता, तो मला उभ्या जागेवरून दिसत होता.

“थोडं बसतो, शेठ,” चाचा हळूच म्हणाले. “पाय उचलंना झालाय.”

शेठनी आधी पाहुण्यांकडं बघून हसून घेतलं. मग पुन्हा सांगितलं, मग दात आवळून सांगितलं. चाचा गुडघ्यावर हात ठेवून तसेच बसलेले. शेवटी शिबिरात शिकलेलं सगळं गळून पडलं आणि शेठ सगळ्यांदेखत ओरडले, “नोकर आहात ना, नोकरासारखं राहा.”

चाचांनी वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटल्यासारखे दिसले.

“बरं झालं बोललात, शेठ,” ते म्हणाले. “घरच्या मानसाला उठून जाता येत न्हाय. नोकराला येतं.”

ते खुर्चीला धरून उठले. लाल टीशर्ट त्यांनी आपल्या सदऱ्यावरून काढला, रेशमी साडीची घालतात तशी त्याची नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. मग काउंटरच्या कडेकडेनं दारापर्यंत गेले. रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसले, दुखरा पाय वर घेतला आणि चहा सांगितला.

इकडं बस्त्यातली म्हातारी विचारत होती, रेशमी कोण दाखवतंय? आम्ही सगळे काचेतून चाचांकडं बघत होतो, उभे राहून.