शुभाच्या तोंडी माझा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि आईला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही. तुमची-माझी ओळख नाही, एवढं मात्र बरं आहे.

मी डबिंग करते. चेन्नईत, तमिळ सिनेमांसाठी. उत्तरेकडून आलेल्या नायिकांना तमिळ येत नाही. त्या पडद्यावर ओठ हलवतात, आणि आमच्यासारख्या बायका बंद खोलीत माइकसमोर उभ्या राहून त्यांचं बोलणं बोलतात. तशी मी आजऱ्याची, कोल्हापूर जिल्ह्यातली. वडील रेल्वेत होते, त्यांची बदली इकडे झाली तेव्हा मी नऊ वर्षांची. एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत वाढले. तिथल्या पोरींशी भांडता भांडता तमिळ शिकले. भांडता आलं की भाषा आली, दुसरं काय?

बारा वर्षं मी नर्स, शेजारीण, भाजीवाली, गर्दीतली कुणीतरी बाई — असले आवाज दिले. ‘डॉक्टर येताहेत’, ‘पोलीस आले, पळा’. एका वाक्याची बाई म्हणून स्टुडिओत माझी चेष्टा व्हायची, मीही हसायचे. नायिकेचा आवाज मला कुणी दिला नव्हता.

आणि मग शुभा आली. दोन हजार साल उलटून गेलं होतं, मोबाइल नुकते हातात यायला लागले होते. पडद्यावर तिचं नाव वेगळं होतं, ते सांगत नाही. आजऱ्यात आमच्या आत्याच्या घराला लागून तिचं घर. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मुंबईत जाहिराती करता करता इकडच्या एका सिनेमात लागली, आणि तिच्या आईनं आत्याकडून माझा नंबर घेतला. ‘आपल्या गावची ताई आहे, तिला धरून राहा,’ असं पोरीला बजावून पाठवलं. इथल्या पहिल्याच भेटीत तिनं आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पिशवी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “ताई, मी लई घाबरलोय.” आमच्याकडे मुली अशाच बोलतात, आलो, गेलो. कितीतरी वर्षांनी ते कानावर पडलं. मला रडूच आलं. खोटं नाही सांगत, त्या दिवशी मला तिची माया वाटली होती.

मग काय झालं? सांगते. जरा आडवाटेनं सांगतेय, कळतंय मला.

भाषा न येणाऱ्या नायिका सेटवर काय करतात, माहीत आहे? सरळ आकडे मोजतात. वन टू थ्री फोर, रडत रडत फाइव्ह सिक्स. मागाहून आम्ही त्या ओठांत शब्द बसवतो. पहिल्या दोन सिनेमांत शुभानं एकदाही आकडे मोजले नाहीत. मी तिला वहीत देवनागरीत संवाद लिहून द्यायचे, खाली अर्थ लिहायचे, आणि ती ते घोकून घोकून तोंडपाठ करायची. बोलायची मात्र अशी, की कॅमेऱ्यामागची माणसं काम थांबवून ऐकायची. तिचा आवाज जाडसर होता, थोडा खर्जातला. मी तो पूर्वी ऐकलेला होता. एका वर्षी गौरींना आजऱ्याला गेले होते, तेव्हा ही परकरातली पोर झिम्म्याची गाणी सांगत होती आणि म्हाताऱ्या बायका तिच्यामागून म्हणत होत्या. म्हणजे तो आवाज काय आहे, हे मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

तो तिचा दुसरा सिनेमा, कोळ्यांच्या वस्तीवरचा; पहिल्यात तिच्या तोंडी दुसऱ्याच कुणाचा आवाज होता. एन्नोरला शूटिंग होतं, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्राची धुरांडी. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला कोपरानं ढोसलं. म्हणाली, “विचार ना त्यांना. ह्यात माझाच आवाज ठेवतील का?” दिग्दर्शकांना तमिळशिवाय काही येत नव्हतं आणि तिला पाठ केलेल्या संवादांपलीकडे तमिळ कळत नव्हतं. दोघांच्या मध्ये मी. फक्त मी.

मी विचारलं. ते उलट्या होडीवर बसून दहीभात खात होते. त्यांचा हात थांबला. म्हणाले, मीच विचारणार होतो. ह्या मुलीच्या आवाजाला मिठाच्या पाण्याची चव आहे, उच्चार चुकले तर चुकू देत, मी तिला स्टुडिओत हवे तेवढे दिवस देतो.

शुभा माझ्या तोंडाकडे बघत होती. हातात ताट तसंच.

आणि मी तिला मराठीत म्हणाले — नको म्हणतात गं. म्हणतात, आवाज फाटक्या सुपासारखा आहे, लोक हसतील.

‘फाटक्या सुपासारखा’ हे कुठून आलं? त्यांनी तर असलं काहीच म्हटलं नव्हतं. मी नुसतं ‘नाही’ म्हणाले असते तरी माझं काम झालं असतं. ते सूप माझं. ते मी माझ्या मनानं घातलं.

तिचा चेहरा पडला. तो बघून दिग्दर्शकांनी विचारलं, काय झालं? मी त्यांना तमिळमध्ये सांगितलं, घाबरली आहे, तयार नाही. म्हणते, ताईलाच बोलू द्या. ते हळहळले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बरं, मग तुम्हीच बोला.

झालं. दोन वाक्यं इकडे, दोन वाक्यं तिकडे. जेवण संपायच्या आत.

त्या सिनेमानं माझं नशीब उघडलं. पुढं तिच्या सात सिनेमांत मीच बोलले. मत्सर होता का? होता. ही कालची पोर, हिला चेहरा पण मिळावा आणि आवाज पण? मग मला काय? असं मी स्वतःशी म्हणत होते, आणि रोज तिच्यासाठी डबाही नेत होते. दोन्ही खरं आहे.

पण मला वाटलं होतं, ते खोटं एका सिनेमापुरतंच राहील. तसं झालं नाही. पुढच्या सिनेमापासून शुभा आकडे मोजायला लागली. वन टू थ्री फोर. मुलाखत आली की हसून मान हलवायची. सेटवरही माझ्याशी दबक्या आवाजात बोलायची. एका दिग्दर्शकानं नंतर आपणहून विचारलं, स्वतः बोलशील का, तर तिनंच हात जोडले.

काही वर्षांनी तिनं काम सोडलं, लग्न करून कोल्हापूरला गेली. मागं एकदा आजऱ्याच्या शाळेनं तिला बक्षीस समारंभाला बोलावलं. तिचा मला फोन आला, “ताई, तू ये. मी नुसती उभी राहतो, भाषण तू वाच.” मी गेले. वाचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शुभा माझ्या शेजारी हात जोडून उभी होती.

कार्यक्रम संपल्यावर तिच्या जुन्या बाई भेटायला आल्या. काठी टेकत, पण कान शाबूत. त्यांनी शुभाचा हात धरून विचारलं, “गौरींची गाणी म्हणतेस ना गं अजून?”

“नाही हो बाई,” शुभा हसून म्हणाली. “माझा आवाज कुठला चांगला?”

“कोण म्हणालं असं?”

“आमचे डायरेक्टर. पार फाटक्या सुपासारखा म्हणाले होते. ताईला विचारा की, तिच्यासमोरच म्हणाले.”

बाई माझ्याकडे वळल्या. पाच-सहा सेकंद असतील. एन्नोरला निदान हाव होती, घाई होती. इथं काय होतं? मिळवायचं काही उरलं नव्हतं. शुभा माझ्याकडे विश्वासानं बघत होती, तेव्हा ताट धरून बघत होती तशीच.

मी म्हणाले, “हो बाई. म्हणाले होते.”

बाईंनी शुभाचा हात जरा थोपटला आणि सोडून दिला. मग आम्ही सगळ्या चहा प्यायला आत गेलो.