गादीवाल्याच्या लेकीची उंच उडी

आमचे हे गाद्या भरतात. कापूस पिंजायचा, खोळीत ठासायचा, दाभणाने टाके घालायचे, हा धंदा. त्यामुळे जगातल्या प्रत्येक संकटावर ह्यांच्याकडे एकच इलाज: खाली काहीतरी मऊ घाला. लेक चालायला लागली तेव्हा घरभर गाद्या अंथरल्या होत्या. पोरीला लागलं नाही हे खरं, पण ती धड उभीही राहीना. आणि पाय मुरगळला तो माझा.

तर अशा बापाची ही ठमी. दहा वर्षांची झाली आणि एक दिवस शाळेतून येऊन म्हणाली, "आई, मी उंच उडीत नाव दिलंय." जिना उतरताना कठडा न सोडणारी मुलगी! मला इतका आनंद झाला. ह्यांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

"अगं, पण पडायचं कुठे?" उडी मारायची कशी, हा प्रश्न ह्या माणसाला पडलाच नाही.

"वाळूत."

"वाळूत!" ती निखाऱ्यांवर म्हणाली असती तरी एवढे दचकले नसते.

गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून ह्यांनी गादी भरली आणि डोक्यावर घेऊन शाळेच्या मैदानात नेली. गादी इतकी जाड, की आडवी काठी तिच्याहून जेमतेम वीतभर वर. पोरं उडी मारायची सोडून गादीवर चढून बसली. ठमी धावत यायची आणि काठीसकट खुशाल आडवी व्हायची. पडण्यात तेवढी तरबेज झाली. शेवटी खेळाच्या बाई म्हणाल्या, "अहो गादीवाले, मुलीला उडी शिकवायचीय की झोप?" झालं! वर्गात तिचं नाव 'कापूस' पडलं.

त्या दिवशी ती रडतच घरी आली. "बाबा, ती गादी घरी घेऊन या. मला एकदा तरी माझी मी काठी ओलांडायचीय."

"बरं बाई, आणतो," हे म्हणाले. इतक्या गरीब चेहऱ्याने म्हणाले, की मला तिथेच शंका यायला हवी होती.

मग ठमी रोज वाळूत पडायला लागली. गुडघे सोलले, कोपर खरचटलं. काठी रोज पडायची, ही रोज उचलून जागेवर ठेवायची. हे दुकानात सुस्कारे टाकत बसायचे.

स्पर्धेच्या दिवशी पहिलीच मुलगी धावत आली, काठीवरून गेली, आणि ती पडताच वाळूतून भसकन कापूस वर आला. चांगला ढीगभर! ह्या महाभागाने पहाटेच जाऊन वाळूखाली कापूस पुरून ठेवला होता. अख्खं मैदान खो खो हसलं. ठमीचं तोंड लालबुंद. माझी मान शरमेने खाली गेली. आणि हे पुटपुटतायत, "सगळ्यांच्याच पोरींसाठी घातला हो."

मला वाटलं, पोर आता घरी पळणार. पण ती खड्ड्यात उतरली, दोन्ही हातांनी कापूस उपसला आणि बापाच्या मांडीवर आणून टाकला. "इथेच बसायचं. उठायचं नाही." माझ्या सासूबाईंनंतर ह्यांना असं कुणी सुनावलं नव्हतं.

पहिल्या उडीत काठी पडली. दुसरीत पायात अडकली आणि पोर तोंडावर आपटली. हे उठायला लागले, तसं मी सदरा धरून खाली ओढलं. तिसऱ्यांदा ठमी धावली आणि गेली की हो काठीवरून! काठी जराशी हलली, पण राहिली. मी वेड्यासारखी ओरडले.

"लागलं का गं तिला?" शेजारून आवाज आला. बघते तर ह्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकलेले! जन्मभर लेक पडेल म्हणून काळजी केली, आणि तिने काठी ओलांडली तेव्हा ह्या शहाण्याने पाहिलंच नाही. मला असा संताप आला!

ठमी धापा टाकत आली. "बाबा, पाहिलंत?"

खोटं बोलायचीही अक्कल नाही ह्यांना. "नाही गं," म्हणाले, "भीती वाटली."

मैदान रिकामं झालं तशी ती हात धरून ह्यांना खड्ड्यापाशी घेऊन गेली. काठी एक खूण वर चढवली. "आता बघा."

धावली, उडाली, आणि काठीसकट धाडकन वाळूत पडली. ह्यांनी माझं मनगट इतकं आवळलं, की मी कळवळले. हे एक पाऊल पुढे गेले आणि तिथेच थांबले.

"पुन्हा मार," म्हणाले.