वीस शेर लोखंड

सावद्याचा सुकदेव लोहार भट्टी पेटवायच्या आधी रोज गिरधरच्या ओट्याशी जायचा आणि विचारायचा, "वहिनींची तब्येत कशी हाये?" वहिनी म्हणजे गिरधरची बायको वच्छलाबाई. ती समोर बसून शेण कालवत असली तरी तो विचारायचाच. अशी सत्तावीस वर्षं गेली. गावाने आधी टिंगल केली, दोघा-चौघांनी वाकडा अर्थही काढून पाहिला, पण सुकदेवच्या तोंडाकडे बघून तो टिकेना. मग गावाने नाद सोडला. माणूस कामाला पक्का होता. लोखंड नुसतं हातात धरून शेरभराचा फरक सांगायचा, त्यामुळे एवढं खूळ त्याला माफ होतं.

हे खूळ लागलं मानमोडीच्या सालात. त्या तापाने गल्ल्या ओस पडल्या होत्या. गिरधर आणि वच्छलाबाई दोघंही अंथरुणाला खिळली. गिरधर उठला, ती उठेना. तेव्हा तो शिरवेलच्या महादेवाला नवस बोलला: ही वाचली तर सव्वा मणाचा त्रिशूळ शिवरात्रीला पायी घेऊन येईन, आणि दारातून निघाल्यावर तुझ्या पायाशी पोचेपर्यंत तो भुईला टेकू देणार नाही. टेकला तर दिलेलं परत घे. हे शेवटचं कुणी मागितलं नव्हतं. पण गिरधरला बोलताना हात राखायची सवयच नव्हती.

वच्छलाबाई वाचली. गिरधरने सव्वा मण लोखंड तोलून सुकदेवच्या भट्टीवर आणून टाकलं. ते टाकताना त्याला अशी धाप लागली की तो ऐरणीला धरून खाली बसला. मानमोडी अंगातून गेली होती, छातीतून गेली नव्हती. सातपुडा चढून शिरवेलला जायचं म्हणजे ओझ्यासह तीन दिवस. हे ओझं घेऊन गिरधर परत येत नाही, हे सुकदेवला तिथेच दिसलं. पण नवस कमी कर म्हणून गिरधरला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं.

मग सुकदेवने आयुष्यातली एकुलती एक लबाडी केली. त्रिशूळ लांब केला, दांडा बारीक केला, आणि सव्वा मणाच्या, म्हणजे पन्नास शेरांच्या जागी तीस शेरांत काम उरकलं. उरलेलं वीस शेर लोखंड देवाचंच होतं. ते त्याने फडक्यात बांधून आपल्या गाठोड्यात घातलं. त्रिशूळ गिरधरचा, गाठोडं आपलं, दोन्ही मिळून सव्वा मण, आणि दोन्ही भुईला टेकवायचं नाही. महादेवाला हिशेब कळेल, गिरधरला कळायची गरज नाही, असं त्याने ठरवलं.

निघाले तिघे. गिरधर, सुकदेव आणि नथ्थू तेली. नथ्थू कुठेही जायला तयार असायचा आणि वाटभर कुरकुर करायचा. खिरोद्यापर्यंत गाडीवाट होती, तिथे तिघांनी पाळीपाळीने त्रिशूळ वाहिला. पुढे सुकी नदीच्या कडेने जंगल लागलं आणि वाट दगडांत शिरली. सागाची पानं गळून पडली होती, त्यांचा ढोपरभर थर, आणि खाली गोटे कुठे आहेत ते पायालाच कळायचं. विसाव्याला त्रिशूळ झाडाच्या दुबेळक्यात अडकवायचे. नथ्थू खांदा चोळत म्हणायचा, "सव्वा मन म्हन्जे सव्वा मन असते भाऊ, हाड वाकलं माह्यं." सुकदेव मान खाली घालून ऐकायचा.

आपलं गाठोडंही तो फांदीलाच टांगायचा. दुसऱ्या दिवशी पाल गावाच्या पुढे नथ्थूला राहवलं नाही.

"काय रे, तुह्या गाठोड्यानंबी नवस बोलला का?"

"मुंग्या लागता," सुकदेव म्हणाला.

"भाकरीले मुंग्या लागता, गाठोड्याले तं मानूस लागते उचलाले. काय भरलं त्याच्यात?"

सुकदेवने गाठोडं फांदीवरून काढून खांद्यावर मारलं. त्याच्या एका खांद्यावर वीस शेर कायमचे होते आणि गिरधरची पाळी आली की दुसऱ्यावर त्रिशूळही तोच घ्यायचा. चढावर त्याच्या पायांना गोळे येत, नखं दगडांवर फुटली, आणि पाण्यासाठी दोनदा डोह शोधत दरीत उतरावं लागलं. तक्रार करायची सोय नव्हती, कारण तो दमला आहे हे त्याच्या ओझ्याकडे बघून पटलं नसतं.

तिसऱ्या दिवशी शेवटचा उतार आला. खालून यात्रेतल्या डफांचा आवाज येऊ लागला. गिरधर हट्टाला पेटला. "इथून मीच नेतो. नवस माह्या हाये." दोघांनी समजावलं. तो ऐकेना. त्रिशूळ खांद्यावर घेऊन तो वीसेक पावलं नीट उतरला, आणि पानांखालचा गोटा फिरला.

सुकदेव चार पावलं खाली होता. वळून बघतो तो गिरधर बसलेला आणि त्रिशूळ खडकाकडे निघालेला. विचार करायला वेळ नव्हता. त्याने खांद्यावरचं गाठोडं सोडलं आणि दांड्याखाली डावा हात घातला. दांडा हातावर आला, हात खडकावर.

"टेकला का?" गिरधर ओरडला. "सुकदेव, टेकला का रे?"

"नही टेकला," सुकदेव म्हणाला. "उचला लवकर. माह्या हात खाले हाये."

नथ्थूने त्रिशूळ उचलला आणि मग तो हात पाहून त्याने तोंड फिरवलं. दोन बोटं गेली होती. गाठोडं खणखण वाजत घळीत गेलं. "लोटा व्हता," सुकदेवने आपणहून सांगितलं.

त्रिशूळ पोचला. गिरधर देवापुढे ढसाढसा रडला. परतीच्या वाटेवर लोटा आणतो म्हणून सुकदेव घळीत उतरला आणि त्याने गाठोडं शोधून काढलं. वीस शेर लोखंड मातीत पडलं होतं. भुईला टेकलेलं देवाला कसं द्यायचं? आणि टेकलं तर परत घे, असं गिरधर बोलून बसलेला. सुकदेवने ते एका हाताने गावी आणलं आणि ऐरणीच्या बाजूला पुरून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिरधरच्या ओट्याशी गेला. वहिनींची तब्येत कशी हाये?

तीन बोटांच्या हाताने त्याने जमेल तेवढी लोहारकी केली. सावद्यात ती बोटं सगळ्यांना ठाऊक होती, गाठोड्यात काय होतं ते कुणालाच नाही. गिरधर सत्तेचाळीसच्या शिवरात्रीआधी गेला, म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणावर. महिन्याभराने वच्छलाबाईला ताप भरला. चार दिवस उतरेना म्हणताच सुकदेवचा धीर सुटला. तो तिच्या उंबऱ्यात जाऊन बसला आणि त्याने सगळं सांगितलं. तीस शेर, वीस शेर, फांदी, घळ.

"म्हन्जे देव आता वसूल करू राह्यला, वहिनी. माह्या पापानं."

वच्छलाबाईने गोधडी तोंडावरून खाली केली.

"तीस शेराचा व्हता, हे मले माहीत व्हतं," ती म्हणाली. "तुम्ही निघाले त्या सकाळी सारवासाठी मी त्याले एका हातानं बाजूले केला. मी जल्मभर पोते उचलले, भाऊ. सव्वा मन मले समजत नही का?"

"मंग बोलल्या कायले नही?"

"बोलली असती तं त्याहीनं दुसरा करून घेतला असता. खरा. अन् त्या छातीवर घेऊन चढले असते." तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत सुकदेव उंबऱ्यावरून अर्धा उठला होता. "मले ते जित्ते वापस पाह्यजे व्हते. माह्यं म्हनाल तं दर शिवरात्रीले वाटे, आता आपला नंबर. भेव वाटे. सत्तावीस वरीस वाटलं. तुम्ही सकायी इचारलं की वाटे, आज तं हाये."

सुकदेवला रडू फुटलं. म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसा तो रडला, आणि तिने त्याला रडू दिलं.

"लोखंड कोठी हाये?" तिने विचारलं.

"ऐरनीच्या बाजूले पुरेल हाये."

"मंग काढा नं ते. माही पावशी पार झिजली, भाजी चिरत नही."