घरी कोण्या बाजूनं उठता?

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते, सकाळच्या गोळ्या वाटून नुकतीच टेकले होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघालं, "पडल्या का?" ... ज्याची आई आत्ताच गेली त्याला विचारायचा प्रश्न आहे का हा? पण पोरगा यशोधरा सिस्टरांचा, त्याला राग आला नाही. "नाही वो मावशी. झोपेतच गेली. हार्ट बंद पडलं म्हणतात डॉक्टर." मला आधी हायसं वाटलं, मग स्वतःची लाज वाटली. रडू सगळ्यात शेवटी आलं. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

मी नर्सिंग करून आले ती भंडारा जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात. मी आंधळगावची, सिस्टर अड्याळच्या, बायकांच्या वॉर्डाच्या इंचार्ज. वॉर्डातून चालताना त्या प्रत्येक कॉट पायानं हलकेच ढकलून बघायच्या. हलली की चाकाचा ब्रेक लावला नाही हे कळायचं, आणि मग कोणाची तरी खैर नसायची. फरशी पुसली की वाळेपर्यंत तिथंच पहारा देत उभ्या राहायच्या. आणि प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला एकच प्रश्न, "आजी, घरी कोण्या बाजूनं उठता?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायचे. "घरी एका बाजूले भित राह्यते, एका बाजूले मोकळं," त्या मला समजावायच्या. "जलमभर माणूस एकाच बाजूनं उठते. दवाखान्यात आलं म्हणून पाय थोडीच इसरतात?" उत्तर मिळालं की कॉट फिरवायच्या. भिंत भिंतीच्या जागी, मोकळी बाजू मोकळ्या जागी. एकदा मी शहाणपणानं म्हटलं, "सिस्टर, तुम्ही लय भेता." त्या म्हणाल्या, "हाव, भेतो. ज्या दिवशी भेव वाटणार नाही, त्या दिवशी नोकरी सोडून देईन."

अनुसयाआजी तापानं आली होती. ताप उतरला होता, दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं होतं. आजी घरी उजवीकडून उठायची, म्हणून सिस्टरांनी तिची कॉट फिरवली होती, आणि त्यात तिचं डोकं उत्तरेला आलं होतं. सिस्टर जेवायला गेल्या आणि आजीचा मुलगा भेटायला आला. त्यानं खिडकीतून सूर्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि त्याचा चेहराच उतरला. "बाई, जित्या माणसाचं डोकसं उत्तरेले काहून केलं? मुडदा हाये का माही माय?" मी समजवायला हवं होतं. पण खरं सांगते, मीच घाबरले. आमच्या घरी लहानपणी कोणी उत्तरेला डोकं करून आडवं झालं, तर आई पाय धरून फिरवायची. मी त्याच्या मदतीनं कॉट फिरवली, मोकळ्या बाजूचा कठडा वर केला आणि निश्चिंत होऊन औषधाच्या खोलीत गेले. मुलगाही चहा प्यायला बाहेर गेला.

आवाज आला तो ओलं धान भरलेलं पोतं टाकावं तसा. मी धावले. आजी दुपारच्या डुलकीतून उठली होती, उजवीकडे वळली तर भिंत. घाबरली, आणि दुसरीकडचा कठडा ओलांडायला गेली. जमिनीवर पडल्या पडल्या ती ओरडत नव्हती, फक्त माझा हात धरून विचारत होती, "बाई, इथं भित कुठून आली वो?" ... तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. आजीचं खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा चालली नाही.

सिस्टरांनी मला एका शब्दानंही पाठीशी घातलं नाही. समोर बसवून जे घडलं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मी म्हटलं, मी नोकरी सोडते, मला आता कॉटजवळ जायलाही भेव वाटते. तेव्हा त्या पहिल्यांदा मऊ बोलल्या, "आता भेव वाटते तं आता राह्य. तुले तवाही भेव वाटलं होतं पोरी, पण दुसरंच. ज्या भेवानं पेशंट वाचते ते ठेव. बाकीचं घरी ठेवून येत जाय." मी राहिले. तेव्हापासून वॉर्डात ताट पडलं तरी मी धावत सुटते.

सिस्टर रिटायर होऊन तुमसरला मिलिंदकडे राहायला गेल्या. तो राइस मिलमध्ये कामाला आहे. गेल्या वर्षी त्यांना विसरायला व्हायला लागलं. घरातून निघाल्या की वाट चुकायच्या. मिलिंदनं मला बोलावलं, "मावशी, आईच्या पडण्याचं लय भेव वाटून राहिलं." मी गेले, त्यांच्याच तोऱ्यात न्हाणीघर पाहिलं, दारातलं सरकतं पायपुसणं काढायला लावलं, पलंग पायानं ढकलून बघितला. त्या कौतुकानं बघत होत्या. मी कोण हे त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मग मी हसत विचारलं, "सिस्टर, घरी कोण्या बाजूनं उठता?"

त्या विचार करत राहिल्या. दोन्ही हात दोन्हीकडे पसरून गादी चाचपली, भिंत शोधावी तशी... "आठवून नाही राहिलं पोरी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत मला अनुसयाआजी दिसली. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पलंग नुकताच या खोलीत आणून भिंतीला लावलेला, आणि आधी त्या कोणत्या बाजूनं उठायच्या हे मिलिंदलाही सांगता येईना, कारण आई कायम सगळ्यांच्या आधी उठायची. शेवटी आम्ही पलंग भिंतीपासून ओढून मधोमध घेतला आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या अंथरून जमिनीला पक्क्या टाचल्या. निघताना वाटलं, एवढंच आहे आपल्या हातात. त्यानंतर रोज सकाळी फोन वाजला की जीव टांगणीला लागायचा.

सिस्टरांचे दिवस झाल्यावर मी तुमसरला गेले. मिलिंदनं जयभीम केला आणि आईची खोली उघडून दिली. खोलीत कोणी काही हलवलं नव्हतं. उजवीकडची गोधडी अंथरली तशीच होती, नवीकोरी. डावीकडची मधोमध दबलेली, दोन पावलं रोज टेकतील तेवढ्याच जागी मळून चपटी झालेली. सिस्टर डावीकडून उठत होत्या. त्यांना आठवत नव्हतं, पायांना आठवत होतं.

उजवीकडची गोधडी मी काढून घडी केली. डावीकडची राहू दिली. मग रिकामा पलंग पायानं हलकेच ढकलून बघितला आणि बाहेर आले.