भिंतीबाहेरची सालोमी

उत्तरेश्वर मास्तर कधीच कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. येडशीच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. गावात कॅथलिकांची घरं मोजून अकरा, आणि पत्र्याचं एक छोटं चर्च. फादर महिन्यातून एकदा यायचे, मिस्साची उपासना करायचे आणि जायचे. बाकीचे दिवस देवाचा सगळा कारभार मास्तरांकडं! पोरांना धर्म शिकवा, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणा, कुणी मेलं तर माती द्या. बाप्तिस्म्याचं नाव योसेफ. पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यांनी स्वतःसुद्धा मागं वळून बघितलं नसतं.

माणूस वाईट नव्हता हो. पण नियम म्हणजे नियम. चर्चमध्ये कुणाच्या डोक्यावर टोपी राहिली तरी चालू प्रार्थना थांबवायचे. त्यांच्यापाशी नियमांची एक जुनी पोथी होती, पानं सुटली म्हणून दोऱ्यानं शिवलेली. तीत लिहिलंय ते ब्रह्मवाक्य. ती कुठल्या सालची, त्यानंतर काही बदललं का, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही, आणि सुचवणार तरी कोण?

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. नाताळ होऊन पंधरा दिवस झाले असतील. मास्तरांच्या थोरल्या भावाची एकुलती लेक सालोमी गावच्या बारवेत मेलेली सापडली. वीस वर्षांची पोर. सासरच्यांनी चार महिन्यांत माहेरी आणून सोडलेली. बाप आधीच गेलेला. घरात ती आणि तिची आई हरणाबाई. बारवेच्या वरच्या पायरीवर तिच्या चपला शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या होत्या. पोलीस पाटलानं 'पाय घसरून' असं लिहिलं. मास्तर मात्र त्या चपलांकडं बघत म्हणाले, "पाण्याला आली असती तर घागर कुठाय?"

घागर कुठंच नव्हती. झालं! मास्तरांचा निकाल लागला. स्वतःचा जीव घेणाऱ्याला पवित्र मातीत जागा नाही, त्याच्यावर प्रार्थना नाही, असं पोथीत होतं. सख्ख्या पुतणीला त्यांनी कबरस्तानाच्या भिंतीबाहेर ओढ्याच्या काठाला पुरायला लावलं. क्रूस नाही, नाव नाही. हरणाबाईनं धाकट्या दिराचे पाय धरले. "भावजी, निस्तं 'हे आमच्या बापा' म्हणा. येकदाच म्हणा!"

"वैनी, माझ्या हातात असतं तर म्या म्हणलो नसतो का? ह्यो नियम देवाचा हाय," मास्तर म्हणाले आणि पोथी काखेत मारून घरी आले.

महिन्यानं फादर आले तेव्हा मास्तरांनी विषय काढला नाही, आणि दुसऱ्या कुणाची छाती झाली नाही. हरणाबाईनं त्यानंतर चर्चचा उंबरा ओलांडला नाही. दोन घरांमध्ये एकच भिंत. ह्या बाजूला मास्तर खोकले तर त्या बाजूला ऐकू जायचं, पण शब्द म्हणून गेला नाही.

मास्तरांनी सत्तरी गाठली तेव्हा फादर ऑल्विन नावाच्या तरुण फादरनी धाराशिवला शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबल शिकायचा, दोन वर्षांचा वर्ग काढला. दर शनिवारी मास्तर एसटीनं जायचे. वही, चष्मा आणि फडक्यात भाकरी. नातवाच्या वयाच्या पोरापोरींत मांडी घालून बसायला त्यांना लाज वाटली नाही. पहिल्याच दिवशी फादर ऑल्विन म्हणाले होते, "शास्त्र आभाळातून पडलं नाही. देवानं ते माणसांकडून लिहून घेतलं. कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी, तेव्हा लोक कसे राहत होते, हे विचारल्याशिवाय देव काय म्हणतोय ते कळायचं नाही." मास्तरांना हे लई आवडलं. त्यांनी यहूदी लोकांचे सण लिहून काढले, राजांची यादी पाठ केली, यरुशलेमचा नकाशा रंगवला. म्हातारपणी हौस, दुसरं काय!

ईस्टरआधीच्या उपवासकाळात वर्गात दावीद राजाचा काळ चालला होता. दाविदाचा मंत्री अहीथोफेल फितूर होऊन बंडखोरांना मिळाला, पुढं तिथंही त्याचा सल्ला कुणी मानला नाही, तेव्हा तो गाढवावर खोगीर घालून घरी गेला, घराची निरवानिरव केली आणि त्यानं गळफास लावून घेतला. "पुढं काय झालं? वाचा, मास्तर," फादर म्हणाले. मास्तरांनी वाचलं. त्याला त्याच्या बापाच्या कबरीत पुरलं, असं तिथं सरळ लिहिलेलं होतं.

"त्या काळात बापाच्या कबरीत जागा न मिळणं हा मोठा शाप समजत," फादर सांगू लागले. "फितूर, वर जीव दिलेला, तरी त्याला ती जागा मिळाली. माती नाकारायचा नियम पुष्कळ शतकांनी आला, आणि चर्चच्या नव्या कायद्यातून त्र्याऐंशी साली तो गेलासुद्धा. अशा माणसाला आपण देवाच्या दयेवर सोपवतो, त्याच्यासाठी प्रार्थना करतो."

"त्र्याऐंशी?" मास्तरांनी विचारलं.

"हो. एकोणीसशे त्र्याऐंशी."

त्या दिवशी फडक्यातली भाकरी तशीच घरी परत आली. पुढच्या शनिवारी त्यांनी फादरना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.  फादर म्हणाले, "मी येतो, कबर आशीर्वादित करू. पण आधी तुम्ही वहिनींकडं जा."

जा म्हणणं सोपं. मास्तर रोज उठून धोतर नेसायचे, दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. असे दीड महिने गेले. एवढ्यात शेजारच्या द्वारकाबाईनं निरोप आणला, की हरणाबाईनं अंथरूण धरलंय, अन्न तुटलंय. "म्हातारी म्हणती, मला भिंतीभाईर पोरीपाशी ठिवा. फादर नगं, प्रार्थना नगं. आन् उत्तरेश्वराचा हात माझ्या मातीला लागू द्यायचा न्हाय."

 मास्तरांना वाटलं, आपल्यापायी आधी लेक बिनप्रार्थनेची गेली, आता आईही तशीच जाणार! शास्त्र छातीशी धरून ते त्याच पावली निघाले. चार पावलांची वाट, पण त्यांना धाप लागली.

हरणाबाई बाजेवर पडली होती. "कोण हाय?"

"म्या, वैनी. उत्तरेश्वर."

 जा असं ती म्हणाली नाही. मास्तर जमिनीवर बसले आणि त्यांनी अहीथोफेल सांगितला, बापाची कबर सांगितली, त्र्याऐंशी साल सांगितलं. शेवटी रडायलाच लागले. "चुकलो, वैनी. नियम देवाचा नव्हता. फादर येत्याल, पोरीवर प्रार्थना व्हईल. तुमी तेवढी प्रार्थनेला ना म्हणू नगा. तिनं केलं ते केलं, पर देव तिला माफ करील."

"काय केलं तिनं?" हरणाबाईनं विचारलं.

मास्तर मान खाली घालून शास्त्राची पानं चाळू लागले.

"बाजंखालचं पोतं वढा."

मास्तरांनी पोतं ओढलं. आत घागर होती. पितळेची, एका अंगाला चेपलेली, कडांत गाळ वाळून बसलेला.

"त्याच उन्हाळ्यात बारवेचा गाळ काढला, त्यात घावली," हरणाबाई म्हणाली. "पोर पाण्याला गेली व्हती. शेवाळ असतंय म्हणून समद्याच बाया वरच्या पायरीला चपला काढून उतरत्यात. तुमी जलमात कधी पाणी भरलं असतं तर ठावं असतं."

मास्तरांचे हात घागरीवर तसेच राहिले. "मंग तवाच सांगितलं का न्हाय, वैनी?"

"कुणाला सांगू? तुमचा निकाल झाला व्हता. सदतीस वर्सं भिताडाला भिताड लागून ऱ्हायलो, भावजी. त्या मंत्र्याचं समदं इचारलंत, तो कवा झाला, कुठं पुरला. माझ्या पोरीचं येका शब्दानं इचारलं न्हाय."

मास्तरांनी घागर हळूच जमिनीवर ठेवली. 

मग हरणाबाई म्हणाली, "त्या फाशीवाल्याचं नगा सांगू मला. पाण्याला गेलेल्या बाईचं काय हाय का त्यात?"

होतं की. योहानाच्या शुभवर्तमानात होतं. विहिरीवर पाण्याला आलेली शमरोन प्रांतातली बाई आणि काठावर बसलेला, तहानलेला येशू. चाळीस वर्षं मास्तरांनी ते पोरांना शिकवलं होतं. ती विहीर याकोबाची, ती बाई भर दुपारी एकटी का आली, तिला लोक काय म्हणत, हे सगळं त्यांच्या वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. हरणाबाई डोळे मिटून ऐकत होती. बाई त्याच्याशी बोलली, तो तिच्याशी बोलला. मग ती आपली घागर तिथंच टाकून गावाकडं गेली, इथपर्यंत मास्तर आले, आणि पुढची ओळ त्यांना दिसेना.

"पुढं?" हरणाबाई म्हणाली. "म्हणा की, भावजी. घागर तिथंच ऱ्हायली, आन् पोर कुठं गेली?"